दोन बोटांची ओढ

रविवार, १३ जुलै

निवृत्तीला सव्वा वर्ष होऊन गेलं. एवढ्या काळात दाराची बेल माझ्यासाठी एकदाही वाजली नव्हती. दूधवाला, गॅसवाला, शेजारची शालूबाई, सगळी अंजनाची माणसं. आज वाजली ती माझ्यासाठी.

दारात राजवीर. माझा जुना विद्यार्थी, आता गल्लीतल्या गणेश मंडळाचा अध्यक्ष. नववीत त्याला विज्ञानात बत्तीस मार्क पडले होते आणि मी त्याचे पस्तीस केले नव्हते. तेव्हापासून रस्त्यात मी दिसलो की हा गाडी वळवून दुसऱ्या गल्लीने जायचा. वर्गणीला आला असेल म्हणून मी अंजनाला हाक मारली, तर म्हणाला, "काकींकडं न्हाय सर, तुमच्याकडंच आलोय. औंदा आपल्या मंडळाचा देखावा तुम्ही करायचा. विज्ञानाचा."

मी विचारलं, आणि तुमच्या डीजेचं काय? गेल्या वर्षी घरांच्या काचा तडकतील एवढा आवाज लावून यांनी केस अंगावर घेतली होती, आणि शेवटी स्पीकरही जळाले होते. "ते समदं बंद, सर. जळके स्पीकर पडल्यात तालमीमागच्या खोलीत. औंदा प्रबोधन." बोलताना तो माझ्याकडे कमी आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे जास्त बघत होता. मोठ्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोलायची सवय या पिढीला नाहीच.

अंजनाने गरम पोहे आणून ठेवले. तो येऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. पोहे भिजवले कधी आणि परतले कधी? दुसऱ्या कुणासाठी केले असतील.

हो म्हटलं नाही, बघतो म्हटलं. जेवताना दुसरी भाकरी मागून घेतली, तर अंजना भाजीचा डाव हातात धरून नुसती बघत राहिली. माणूस जेवत असताना असं टक लावून बघू नये, हेही तिला सांगावं लागलं.

सोमवार, १४ जुलै

चौतीस वर्षं मी फळ्यावर दोन वर्तुळं काढली. एक मोठं, एक लहान, मध्ये दोन बाण. विश्वातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला ओढते. वस्तुमान जास्त तितकी ओढ जास्त, अंतर वाढलं की ओढ कमी. आणि दर वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचंच, "सर, मग बाकं एकमेकांस्नी का चिकटत न्हाईत?" वर्ग हसायचा. मी सांगायचो, ओढ असते रे, पण पृथ्वीच्या वस्तुमानापुढे बाकाचं वस्तुमान काहीच नाही, म्हणून ती कळत नाही. वर्ग आणखी हसायचा. माझं नाव 'ओढमास्तर' पडलं ते तिथे. गल्लीतही तेच चालतं, माझी पाठ वळली की.

खरं लिहायचं तर ती ओढ मी स्वतःही कधी पाहिलेली नाही. कुणा इंग्रजाने दोनेकशे वर्षांपूर्वी शिशाचे गोळे टांगून ती मोजली, असं पुस्तकात होतं. ते मी सांगितलं, पोरांनी पाठ केलं, परीक्षेत लिहिलं आणि विसरली. आता ठरवलं आहे. मरायच्या आधी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, आणि ज्या पेठेने मला हसून घेतलं तिलाही बघायला लावायचं. यापलीकडे मला आता काही नको.

सम्राटला पुण्याला फोन करून सांगितलं. पोटचा मुलगा. म्हणाला, "पप्पा, यूट्यूबवर हाय की ते. बघा आणि झोपा गप."

राजवीरला हो कळवलं.

सोमवार, २१ जुलै

तालमीमागची खोली मिळाली. जळके स्पीकर आणि फाटके झेंडे एका कोपऱ्यात सारून जागा केली. छताच्या कडीला बारीक दोरा, दोऱ्याला आडवी टांगलेली हलकी काठी, काठीच्या दोन टोकांना लिंबाएवढे शिशाचे गोळे. काठीच्या मधोमध आरशाचा तुकडा चिकटवला. त्यावर लेझरचा लाल किरण टाकायचा, तो परतून समोरच्या भिंतीवर ठिपका होऊन पडतो. काठी केसभर वळली तरी भिंतीवर ठिपका चांगला सरकतो. आता गोळ्यांशेजारी जड वस्तू आणून ठेवायची आणि ठिपका तिच्या बाजूला जातो का ते बघायचं. प्रयोग म्हणून एवढाच.

जड वस्तू कोणती? राजवीर म्हणाला, "फौंड्रीतनं लोखंडाचा गोळा ओतून आणतो की." कोल्हापुरात कुणालाही कसलीही अडचण सांगा, तो आधी काहीतरी ओतायला धावतो. त्याला बजावलं, या खोलीत लोखंड आणायचं नाही. लोखंडाला चुंबक धरतं, आणि चुंबक या ओढीच्या लाख पट ओढतं. मग आपण बघितलं ते काय होतं हे देवालाही सांगता येणार नाही. त्याने मान डोलावली. नववीतही अशीच डोलवायचा.

मी गूळ निवडला. तीस किलोच्या दोन ढेपा. गुळाला चुंबक धरत नाही, आणि तीस किलोची ढेप म्हणजे किती जड हे इथल्या माणसाच्या कमरेलाच माहीत असतं. जोडीला पाच किलोच्या दोन छोट्या ढेपा, म्हणजे वस्तुमान कमी झालं की ओढही कशी कमी होते ते दिसेल. मी गणित मांडलं. मोठ्या ढेपांनी ठिपका दोन बोटं सरकायला हवा. हंगाम नाही, पण मार्केट यार्डात शीतगृहातला गूळ मिळाला.

सोमवार, २८ जुलै

आठवडा फुकट गेला. पलीकडच्या उद्यमनगरात लेथ आणि प्रेस चालू असले की भिंतीवरचा ठिपका नुसता थरथरतो. सोमवारी त्यांना सुट्टी, म्हणून आज जरा शांत होता. पण दोरा म्हणून तंगूस वापरला ती चूक. रंकाळ्यावर गळ टाकणाऱ्याकडून आणलेला, माशाला ठीक आहे. टांगला की आपला आपण पिळत राहतो. आता मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून केसासारखी तांब्याची तार आणायची.

दुपारी अंजना डबा घेऊन आली आणि दारात उभी राहिली. ठिपका हलला. दार उघडल्याचा वाराच असेल, पण मी ओरडलो. म्हटलं, माणूसही वस्तूच असतो. तू साठ किलोची, म्हणजे दोन ढेपांएवढी. जवळ उभी राहिलीस की तुझीही ओढ लागते आणि प्रयोग बिघडतो.

"मग मी कुठं बसू?"

"लांब. आणि हलू नकोस."

ती बाहेर पायरीवर जाऊन बसली. गुडघे दुखतात तिचे, उठताना कण्हते, तेही मला आत ऐकू येतं.

सोमवार, ४ ऑगस्ट

तांब्याची तार चांगली आहे. आज ठिपका सरकला असं वाटलं. वाटणं म्हणजे मोजणं नव्हे, हे मीच चौतीस वर्षं शिकवलं आहे. तेवढ्यात तालमीत कुणीतरी डंबेल्स आपटली आणि सगळं विस्कटलं. पुन्हा शांत व्हायला काठीला तास लागतो. आता पुढच्या सोमवारी.

घरी माझ्या झोपेच्या गोळ्यांची बाटली कपाटात नाही. परवापर्यंत अर्धी भरलेली होती. अंजना म्हणते, "मी ठेवलीया. रोज एक काढून देतो तुमाला." चाळीस वर्षांत हिला 'देते' म्हणायला शिकवता आलं नाही, पेठेतल्या बायकांचं सगळं 'देतो' आणि 'जातो'. पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की माझ्याच घरात माझ्या गोळ्या मला मोजून मिळणार.

सोमवार, १८ ऑगस्ट

पावसाने उच्छाद मांडला आहे. राधानगरीचे दरवाजे उघडले, पंचगंगा पात्राबाहेर आली. खोलीच्या भिंतींना ओल धरली, काठीला बाक आला, दोन सोमवार वाया गेले. देखावा नऊ दिवसांवर आणि मी अजून काही बघितलेलं नाही. हे राजवीरला सांगितलं नाही.

तरी त्याला वास लागलाच. म्हणाला, "सर, समजा झालं बरोबर. पण दोन बोटं? लोकास्नी दिसणार कशी? पलीकडच्या गल्लीत तीस फुटी राक्षस हाय, डोळे फिरवतोय, तोंडातनं धूर काढतोय. आपलं काय तर ठिपका."

मी म्हटलं, "ज्याला बघायचं आहे तो थांबेल."

"कोण थांबतंय, सर? रांग मागनं ढकलती."

मी उठून आत गेलो. नंतर स्वयंपाकघरात अंजना आणि तो बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. वर्गणीचं असेल.

बुधवार, २७ ऑगस्ट

गणपती बसले आणि माझा प्रयोग संपला.

खोलीच्या मंडपाकडच्या खिडकीला मोठी काच बसवली आहे, लोक तिथून बघणार. सकाळी यंत्र स्थिर करून ठेवलं, दाराला कडी घातली, आरतीला गेलो. आरतीनंतर बघतो तर दार उघडं आणि आत शालूबाई. हातात ताट. ढेपांना हळदीकुंकू लावून झालं होतं, आणि ती काठीवर झेंडूचा हार घालत होती. मी ओरडेपर्यंत तार तुटली. काठी खाली, आरसा फुटला, एक गोळा फरशीवर आपटून चपटा झाला.

म्हटलं, "बाई, हा काय म्हसोबा आहे का हार घालायला?"

तीही काही कमी नाही. "यंत्र हाय म्हणून तर घातला! खंडेनवमीला लेथला हार घालत न्हाय व्हय आमी? तुमच्या यंत्राला कुणी फूल वाहिलं न्हाय, म्हणून आलो तर वर शिव्या!"

सगळी गल्ली बघत होती. मी काय काय बोललो ते आठवत नाही. शालूबाई रडायला लागली, तिच्या मुलाने माझा दंड धरला. घरी येऊन आडवा झालो तो उठलोच नाही. मोदक ताटात तसेच. अंजना चप्पल घालून बाहेर गेली ती दिवेलागणीलाच परतली. अशा दिवशीही हिला बाहेर कामं असतात.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

दोन दिवस झोपून होतो. आज राजवीर येऊन अक्षरशः उचलून घेऊन गेला. "चला सर, समदं दुरुस्त केलंय." खरंच केलं होतं. नवी तार, नवा आरसा, नवीन गोळे. गूळही नवा, गोणपाटात शिवून छोट्या गाड्यावर ठेवलेला. गोळे कसले म्हणून विचारलं तर म्हणाला, "शिसंच, सर. उद्यमनगरात ओतून घेतलं. तुम्ही आत येऊ नका, वारा लागंल. तुम्ही माईकवर बोला, आत पोरं गाडा ढकलतील."

मी बोललो. दोन वर्तुळं, दोन बाण, सगळं. लोक चुळबुळत होते, शिट्ट्या मारत होते. मग पोरांनी ढेप काठीजवळ नेली.

काठी वळली. थरथर नाही, वाटणं नाही, सरळ वळली, आणि हातभर जाऊन ढेपेला टेकली. ठिपका भिंत सोडून कुठल्या कुठे गेला. मंडपात एकच आरडाओरडा. बाप पोरांना खांद्यावर घेऊन दाखवत होते. कुणीतरी म्हणालं, "आयला, गूळ ओढतोय की रं खरंच!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अंजना बायकांच्या रांगेत उभी होती, तीही डोळे पुसत होती.

बघितलं. मी बघितलं.

शनिवार, ३० ऑगस्ट

गणित करून बघितलं. काठी वळली तेवढी वळायला जी ओढ लागते ती पुस्तकातल्या ओढीपेक्षा हजारो पट निघते. काठी ढेपेला टेकते तेव्हा अंतर फार कमी होतं, अंतर कमी झालं की ओढ वाढते, हे तर खरंच आहे. वर्गात कुणी असं स्पष्टीकरण लिहिलं असतं तर मी वही खिडकीबाहेर फेकली असती. नवी तार फार मऊ असेल. उद्या गोळे काढून तपासतो.

सोमवार, १ सप्टेंबर

गोळे तपासायचे राहिले. काल गर्दीच एवढी होती.

आज गौरीपूजन. अंजनाने नवी साडी नेसली. मी चार पुरणपोळ्या खाल्ल्या. सकाळी रस्त्यात लोक हात वर करून "नमस्कार सर" म्हणत होते, ओढमास्तर नव्हे. सम्राटचा फोन आला, त्याच्या ऑफिसात कुणीतरी व्हिडिओ दाखवला म्हणे. "पप्पा, भारी!" पहिल्यांदाच त्याने माझ्याशी बोलताना घड्याळ बघितलं नसावं. शालूबाईलाही मी स्वतः जाऊन ओटीचं दिलं.

असं बरं वाटून किती वर्षं झाली ते आठवत नाही. गोळे उद्या बघू. घाई काय आहे?

बुधवार, ३ सप्टेंबर

शीतगृहातला गूळ दमट हवेत आला की पाझरतो. आज सकाळी गाड्याखाली चिकचिक झाली होती आणि मुंग्यांची रांग थेट भिंतीपर्यंत. पोरं आलेली नव्हती. मुंग्या झटकाव्यात म्हणून मी गोणपाटाची शिवण उसवली. मऊ झालेल्या गुळात काहीतरी काळं, गोल डोकावत होतं. बोट घालून बाहेर काढलं. स्पीकरचं चुंबक. मंडळाच्या जळक्या स्पीकरचं, मधलं भोक गुळाने भरलेलं.

काठीवरचा गोळा खिळ्याने खरवडला. वर शिशाचा मुलामा, आत लोखंड.

मी खोलीतच बसून राहिलो. राजवीर आला, माझ्या हातात चुंबक बघितलं आणि दारातच थबकला.

"सर, लोकास्नी काय तर दिसाय पायजे की."

"हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"तुमच्याच की, सर. तुम्हीच सांगितलासा, चुंबक लाख पट ओढतं म्हणून."

चौतीस वर्षांच्या नोकरीत या मुलाने माझं लक्षात ठेवलेलं हे एकमेव वाक्य. मी चुंबक भिंतीवर फेकलं. म्हटलं, तुला माझी टिंगलच करायची होती तर तसं सांगायचं, बत्तीस मार्कांचा सूड उगवायला एवढी खटपट कशाला? तेव्हा तो भडकला.

"टिंगल? काकींस्नी इचारा जावा! तार तुटली त्या दिवशी रडत आलत्या माझ्याकडं. म्हणल्या, ह्यांनी पुन्हा अन्न सोडलंय, काय बी कर पण ते हलू दे. आणि देखाव्याचं म्हणाल तर ते बी..." एवढं बोलून गप्प झाला.

"ते बी काय?"

"काय न्हाय, सर."

म्हणजे माझी बायको राजवीरसारख्याकडे रडत गेली. माझी कीव करून माझ्यासाठी खोटं विकत घेतलं. आणि गल्लीतल्या साऱ्या पोरांना ते माहीत होतं. मी माईकवर दोन बाण काढत होतो तेव्हा ती पोरं आत हसत असतील.

गुरुवार, ४ सप्टेंबर

आज देखाव्यांचे परीक्षक येणार होते. पोरांनी रातोरात चुंबक गुळात घालून गोणपाट पुन्हा शिवलं होतं. काठी वळली, टाळ्या झाल्या, परीक्षक मान डोलवायला लागले. मी माईकवर म्हटलं, "थांबा. तुम्ही बघितलंत ते खोटं आहे."

खोलीत गेलो, काचेसमोर गोणपाट फाडलं, चुंबक काढून वर धरलं, गोळ्याजवळ नेलं. टक् करून चिकटला. म्हटलं, "खरी ओढ एवढीशी असते. दोन बोटं. तिच्यासाठी तासभर गप्प बसावं लागतं. तुम्ही बसत नाही, म्हणून तुम्हाला फसवलं. आणि मलाही."

मला वाटलं आता दगड येतील. आल्या त्या टाळ्या. शिट्ट्या. "वा सर! काय शेवट काढलासा!" एक परीक्षक उभे राहून म्हणाले की लोकांना आधी चमत्कार दाखवायचा, विश्वास ठेवायला लावायचा आणि मग स्वतःच्या हाताने त्याचा पर्दाफाश करायचा, बुवाबाजीविरुद्ध इतका परिणामकारक देखावा त्यांनी पाहिला नाही. मी म्हणालो, अहो, हा देखावा नाही, मी खरंच सांगतोय. त्यावर लोक आणखी हसले. परीक्षक म्हणाले, "अभिनयही उत्तम."

शुक्रवार, ५ सप्टेंबर

पहिला नंबर आला. शिवाय आज शिक्षक दिन, म्हणून मंडळाने शाल आणि नारळ दिला. राजवीर पायाच पडला. "सर, ह्योच शेवट ठेवायचा. दर शोला."

लिहायला लाज वाटते, पण संध्याकाळी दोनदा केलं. नको म्हणालो तर गर्दी "सर, सर" ओरडायला लागली. दुसऱ्या वेळी "हे खोटं आहे" म्हटल्यावर कुठे थांबायचं ते मी आधीच ठरवलं होतं. तिथे थांबलो, आणि टाळ्या बरोबर तिथेच आल्या. घरी येऊन शाल कपाटाच्या तळाशी टाकली.

अंजना भाकरी थापत होती. विचारलं, का केलंस?

"तुमी जेवत नव्हतासा."

"माझ्या आयुष्यात मी एकच गोष्ट मागितली होती. तीही तू खोटी करून टाकलीस."

"व्हय. केली." आणि भाकरी उलटली.



शनिवार, ६ सप्टेंबर

विसर्जन. गेलो नाही. मिरवणुकीत मंडळाने माझा फोटो मोठा करून लावला आहे म्हणे, हातात चुंबक धरलेला.

सोमवार, ८ सप्टेंबर

मिरवणुकीनंतर कोल्हापूर जसं झोपतं तसं वर्षात कधी झोपत नाही. त्यात सोमवार, उद्यमनगर बंद. रस्त्यावर गुलालाचा चिखल आणि एक कुत्रं. सकाळी उठून गुपचूप खोलीची किल्ली घेतली. अंजना जागीच होती. काही न विचारता मागे आली. मीही नको म्हटलं नाही, बोलणंच बंद होतं.

काठी नवी केली. जळके स्पीकर आणि चुंबकाच्या ढेपा बाहेर लांब नेऊन टाकल्या, लोखंडी गोळे काढून माझे जुने शिशाचे लावले, एक चांगला आणि एक चपटा. पहिल्या मोठ्या ढेपा कोपऱ्यात तशाच होत्या, शालूबाईचं हळदीकुंकू लागलेल्या. अंजनाला दारापलीकडची पायरी दाखवली. "मी बसतो हितंच," म्हणाली. एवढ्या दिवसांतलं पहिलं वाक्य. मी म्हटलं, हलू नकोस.

काठी शांत व्हायला बराच वेळ गेला. आधी पाच किलोच्या ढेपा ठेवल्या. ठिपका हलला की नाही हे शपथेवर सांगता येणार नाही. त्या काढल्या, पुन्हा थांबलो. मग तीस किलोच्या ढकलत नेल्या, श्वास धरून, पावलाचा आवाज न करता, आणि भिंतीला पाठ लावून बसलो.

ठिपका निघाला. निघाला असं डोळ्यांना दिसतच नाही. भिंतीवर पेन्सिलची रेघ होती आणि ठिपका रेघेवर होता, मग रेघेच्या पलीकडे होता. थोडा परतला, पुन्हा गेला, तिथेच थबकला. उठून बोटं लावून बघितली. दोन बोटं. बरोबर दोन. पुस्तकातलं, फळ्यावरचं, चौतीस वर्षं हसू करून घेतलेलं. गूळ शिशाला ओढत होता, आणि खोलीत चुंबक नव्हतं.

कुणाला सांगायचं? सगळी पेठ झोपलेली. राजवीरला उठवला असता तर म्हणाला असता, छान सर, पुढच्या वर्षी बघू. पेठेने चुंबक बघितलं, चुंबकाचा पर्दाफाश बघितला, दोन्हींना टाळ्या दिल्या. खरं तेवढं बघायला कुणी नव्हतं. आनंद मुळीच झाला नाही.

मी दाराकडे बघून विचारलं, "दिसलं?"

"दिसलं की," अंजना म्हणाली. "सरकला."

इतका वेळ ती जराही हलली नव्हती. पदर सावरला नाही, पाय बदलला नाही, खोकलीसुद्धा नाही. प्रयोगाला सोयीचं झालं. पण गुडघे धरून बसले, उठताच येईना. दोन्ही हात धरून ओढून उठवावं लागलं. साठ किलो म्हणजे काही कमी नाही. रस्ताभर ती माझ्या दंडाला धरून चालली.

घरी आलो तर हिचा चष्मा फ्रिजवर. सकाळपासून तिथेच असणार. चष्म्याशिवाय हिला रस्त्यापलीकडची शालूबाई ओळखू येत नाही, भिंतीवरचा ठिपका काय दिसणार? म्हणजे पुन्हा खोटंच बोलली, माझ्या तोंडावर, आणि आज तर राजवीरही मध्ये नव्हता. अख्ख्या कोल्हापुरात ते बघितलेला मी एकटाच आहे.

विचारलं नाही. दोन भाकऱ्या वाढल्या, खाल्ल्या. ठिपका दिसत नव्हता तर गुडघे आखडेपर्यंत दारात बसून ही बाई बघत काय होती, कोण जाणे.